आठ गुणांची सुनावणी

मी लेस्टरमधल्या एका छोट्या धर्मादाय सल्लाकेंद्रात काम करते. सरकारी भत्ता नाकारलेल्या किंवा कमी केलेल्या आजारी आणि दिव्यांग व्यक्तींची अपिले तयार करणे, आणि जमेल तेव्हा न्यायाधिकरणासमोर त्यांच्या बाजूने बोलणे, हे माझे काम. एप्रिल 2013 पासून इंग्लंडमध्ये भत्त्यांच्या पहिल्या पायरीवरील अपिलांसाठी सरकारी खर्चाने कायदेशीर मदत मिळणे बंद झाले. तेव्हापासून हा भार आमच्यासारख्या केंद्रांवर आला आहे आणि दारात आलेल्या प्रत्येकाचे प्रकरण हाती घेणे आम्हाला शक्य होत नाही. इथे ज्या बाईंविषयी लिहिते आहे त्यांना विचारूनच लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

1 जुलै 2025 च्या मंगळवारी सकाळी त्यांच्या अपिलाची सुनावणी होती. त्याच संध्याकाळी वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, त्याच भत्त्याचे नियम कडक करणाऱ्या विधेयकावर मतदान व्हायचे होते.

हा भत्ता म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, ज्याला इथे सगळे ‘पिप’ म्हणतात. 1992 पासून चालत आलेला डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स बंद करून 2013 मध्ये कामकरी वयाच्या लोकांसाठी तो आणला गेला, आणि खर्चात वीस टक्के बचत हा त्यामागचा उघड हेतू होता. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना मी हे सांगते तेव्हा ते म्हणतात, ‘तुमच्याकडे बरे, सरकार सगळे देते.’ आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मज्जासंस्थेच्या आजारासह एकवीस प्रकारची अपंगत्वे धरली आहेत आणि बहुतेक लाभांसाठी चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो. तो एकदा मिळाला की निदान आकडा तरी हातात असतो. इथे आजाराच्या नावाला गुण नाहीत. स्वयंपाक, खाणे, आंघोळ, शौच, कपडे घालणे, वाचणे, बोलणे अशा दहा दैनंदिन क्रिया आणि हिंडण्याफिरण्याच्या दोन क्रिया, यांपैकी प्रत्येकीसाठी ठरावीक वर्णने आहेत आणि त्या वर्णनांना गुण आहेत. प्रत्येक भागात आठ गुण मिळाले तर साधा दर आणि बारा मिळाले तर वाढीव दर मिळतो. आठाच्या खाली काहीच नाही. त्यामुळे भत्त्याची रक्कम न घटवताही कपात करता येते. त्यासाठी मोजपट्टी बदलली की पुरते. जुन्या भत्त्यात चालण्याच्या वरच्या दरासाठी साधारण पन्नास मीटर ही रेघ मानली जाई. पिपमध्ये ती वीस मीटरवर आणली गेली. त्या तीस मीटरांच्या पट्ट्यात किती माणसांच्या, वरच्या दरावर मिळालेल्या गाड्या गेल्या, हे आमच्यासारख्या केंद्रांत बसलेल्यांनी जवळून पाहिले आहे.

बेन (मी त्यांना बेनच म्हणते) 1972 मध्ये युगांडातून हाकलल्या गेलेल्या एका गुजराती कुटुंबातल्या. आल्या तेव्हा अगदी लहान होत्या. पुढे लेस्टरच्या होजिअरी कारखान्यांत त्यांनी ओव्हरलॉक मशीनवर वर्षानुवर्षे काम केले. माझे बालपण इचलकरंजीत मागांच्या आवाजात गेले असल्यामुळे, बोटांना धाग्याचा ताण कळेनासा झाला तेव्हाच काहीतरी बिनसल्याचे ओळखले, असे त्या म्हणाल्या ते मला लगेच समजले. निदान मल्टिपल स्क्लेरोसिसचे झाले. पावलाची बोटे जमिनीला घासतात, हातांना गरम-थंड नीट कळत नाही, लघवीला धावावे लागते, आणि दुपारनंतर अंगातले बळच निघून जाते. हा आजार रोज सारखा नसतो. थंडीत त्या पुष्कळ बऱ्या असतात आणि उकाड्यात खचतात.

आधी त्यांना दैनंदिन भागाचा साधा आणि चालण्याचा वाढीव दर मिळत होता, आणि वाढीव दराच्या बदल्यात भाड्याने मिळणारी गाडी दारात होती. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये, एका गार सकाळी, सरकारने कंत्राट दिलेल्या खासगी कंपनीच्या केंद्रात त्यांची फेरतपासणी झाली. अहवालात लिहिले होते की त्या प्रतीक्षाकक्षापासून खोलीपर्यंत काठी टेकत न थांबता चालत आल्या, खुर्चीतून स्वतः उठल्या, पर्स उघडून औषधांची यादी काढली आणि नजरेला नजर देऊन बोलल्या. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. त्यावरून दैनंदिन क्रियांचे चार गुण आणि चालण्याचे चार गुण ठरले, आणि नोव्हेंबरात दोन्ही भाग बंद झाल्याचे पत्र आले. गाडी परत करावी लागली. पतीला मिळणारा केअरर्स अलाउन्सही (काळजी घेणाऱ्याचा भत्ता) थांबला, कारण तो पत्नीच्या दैनंदिन भागाला बांधलेला असतो. फेरविचाराच्या अर्जावर भत्ते देणाऱ्या सरकारी खात्याने तोच निर्णय कायम ठेवला, आणि मग ते दोघे आमच्याकडे आले.

कायदा अहवालापेक्षा शहाणा आहे, हे मला पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते. पिपच्या नियमावलीतला नियम क्रमांक 4 म्हणतो की एखादी क्रिया जमते असे तेव्हाच मानावे, जेव्हा ती सुरक्षितपणे, स्वीकारार्ह रीतीने, लागेल तितक्यांदा आणि निरोगी माणसाच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ न लावता जमते. नियम क्रमांक 7 म्हणतो की निम्म्याहून अधिक दिवस जी स्थिती असते ती धरावी. त्या सकाळच्या अहवालात या दोन्ही नियमांचा मागमूस नव्हता. आम्हाला पुरावा हवा होता तो त्या निम्म्याहून अधिक दिवसांचा, आणि तोही निर्णयाच्या तारखेआधीचा. कारण न्यायाधिकरण निर्णयाच्या दिवशीची परिस्थिती पाहते, नंतर तब्येत बिघडली तर ती त्यात धरता येत नाही.

तो पुरावा स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. बोलता बोलता पतीने सांगितले की एमएसच्या नर्सने सांगितल्यापासून ते किराणा दुकानातून मिळालेल्या गुजराती तिथींच्या कॅलेंडरवर खुणा करतात. बेनना कमरेखालची आंघोळ घालावी लागली आणि सलवार-मोजे चढवावे लागले की तारखेभोवती निळे वर्तुळ. शौचालयात वेळेवर पोहोचता आले नाही की लाल ठिपका. ‘हे काय कोर्टात दाखवायचे?’ असे त्यांना वाटले होते, शिवाय लाल ठिपक्यांची बेनना लाजही वाटत होती. मी 2024 च्या मे ते नोव्हेंबरची पाने रंगीत प्रत काढून जोडली. एकादशी-पौर्णिमेच्या बारीक अक्षरांवर ती निळी वर्तुळे दाटीने बसली होती. ऑगस्टच्या पानावर तर मोकळी तारीख शोधावी लागत होती.

सुनावणीच्या आठवड्यात इंग्लंडमध्ये उष्णतेची लाट होती. टॅक्सीतून उतरून लिफ्टपर्यंत जातानाच बेनचा पाय ओढला जाऊ लागला. मानेवर ओला नॅपकिन ठेवून त्या बसल्या. समोर तिघे होते: न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेल्या तिसऱ्या सदस्य. खात्याच्या वतीने कोणी आले नव्हते. न्यायाधीशांनी सुरुवातीलाच विचारले की आज त्रास होत असेल तर तारीख पुढे ढकलायची का. बेन नको म्हणाल्या. मग न्यायाधीशांनी शांतपणे सांगितले की आज आम्ही तुम्हाला जसे पाहतो आहोत त्यावर निर्णय देता येणार नाही, गेल्या नोव्हेंबरात तुम्ही कशा होता तेच आम्हाला ठरवायचे आहे. तो नियम मला ठाऊक होता आणि मी तो योग्यही मानते, कारण हीच सुनावणी जानेवारीत झाली असती तर त्याच नियमाने बेनचे रक्षण केले असते. तरीही समोर त्यांचे शब्द जड होत चाललेले ऐकताना तो गिळणे अवघड गेले.

डॉक्टरांनी अहवाल उघडला आणि तपासनिसाने न विचारलेला प्रश्न विचारला: ‘तुम्ही त्या खोलीपर्यंत चालत गेलात. तिथून उठून लगेच पुन्हा तेवढेच चालणे जमले असते का?’

बेन म्हणाल्या, ‘परतताना भिंत धरून आले. मग गाडीत डोळे मिटून पडून राहिले. घरी गेल्यावर त्या दिवशी जेवलेसुद्धा नाही.’

स्वयंपाकाबद्दल डॉक्टरांनी बराच वेळ विचारले. हाताला चटका कळत नसल्याने मनगटाच्या वर भाजल्याचा एक जुना, गुळगुळीत डाग आहे. तो बेननी बाही सारून दाखवला. त्यानंतर त्यांनी किटली तिरकी करायचे स्टँड आणले, उंच स्टूल आणले, भाजी धरून ठेवणारी खिळ्यांची फळी आणली, आणि त्या साधनांच्या आधारे बसून एका माणसापुरते जेवण त्या बहुतेक दिवस करू शकतात, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. शेजारी कोणी लक्ष ठेवायला लागते असे ठरले तर चार गुण मिळतात, साधने पुरतात असे ठरले तर दोन. मी चारांसाठी युक्तिवाद केला. पण त्यांनी स्वतःच्या हिकमतीने जे साधले होते तेच त्यांच्या विरुद्ध मोजले जाणार, हे मला दिसत होते.

मग तिसऱ्या सदस्यांनी कॅलेंडरची पाने पुढे ओढली आणि लाल ठिपके कशाचे, असे विचारले. बेन खाली बघू लागल्या. पतीने हिशेबाच्या वहीतली नोंद वाचावी तशा कोरड्या आवाजात ते सांगितले, आणि त्या आवाजामुळेच बेनना मान वर करून पुढचे स्वतः सांगता आले. न्यायाधीशांनी पेन्सिलीने एकेका महिन्याची वर्तुळे मोजली.

बाहेर थोडा वेळ थांबायला सांगून त्यांनी त्याच दिवशी निर्णय दिला. स्वयंपाक दोन, आंघोळ दोन, शौच दोन, कपडे दोन: दैनंदिन भागाचे आठ, म्हणजे साधा दर, तेव्हा आठवड्याला 73.90 पाउंड. चालण्याबाबत, काठीच्या आधाराने वीस मीटरहून जास्त पण पन्नासच्या आत, म्हणून दहा गुण. हाही साधाच दर, 29.20 पाउंड. वाढीव दर 77.05 पाउंडांचा होता आणि गाडी त्यावरच मिळत होती. ती परत मिळणार नव्हती. खात्याचा निर्णय चुकीचा ठरला होता, आणि तरीही हे कुटुंब एका वर्षापूर्वी होते त्याहून मागेच राहिले होते.

त्या आठ गुणांकडे पाहताना माझ्या मनात संध्याकाळचे मतदान होते. मार्चमध्ये मांडलेल्या प्रस्तावानुसार नोव्हेंबर 2026 पासून एकूण आठ गुण पुरणार नव्हते. दैनंदिन क्रियांपैकी निदान एकीत तरी चार हवे होते. बेनना चार क्रियांत दोन-दोन गुण आहेत, चार कुठेच नाहीत. आंघोळ, कपडे, शौच आणि चूल या चारही गोष्टींत आधार लागणाऱ्या बाईला त्या नियमाने दैनंदिन भागाची एक पेनीही मिळाली नसती. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात, सत्ताधारी पक्षाच्याच शंभराहून अधिक खासदारांनी बंडाची तयारी केल्यावर, सरकारने सध्याच्या लाभार्थींना त्यातून वगळले होते. पण पुढे नव्याने आजारी पडणाऱ्यांवर तो नियम उभाच होता. आणि मार्चमधल्या सरकारच्याच अंदाजानुसार त्या साऱ्या बदलांनी अडीच लाख माणसे, त्यांत पन्नास हजार मुले, गरिबीत ढकलली जाणार होती.

मी केंद्रात परतून इतर कागद करत चर्चा लावून ठेवली होती. संध्याकाळी मंत्री सर स्टीफन टिम्स मध्येच उठले आणि पिपच्या गुणांसंबंधीचे पाचवे कलम विधेयकातून काढत असल्याचे त्यांनी जाहीर केले. हा विषय त्यांच्याच नेतृत्वाखालच्या फेरआढाव्यानंतर पाहिला जाईल, असे ते म्हणाले. उरलेले विधेयक 335 विरुद्ध 260 मतांनी पुढे गेले. उरले त्यात युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या भत्त्याचा आजारपणाचा भाग होता, जो एप्रिल 2026 पासून बहुतेक नव्या अर्जदारांसाठी जवळजवळ निम्मा करण्याचे ठरले. त्याची बातमी त्या रात्री फारशी कोणी केली नाही. आजार तोच आणि गरजही तीच, पण मार्चमध्ये अर्ज केलेल्याला एक रक्कम आणि मेमध्ये केलेल्याला दुसरी, याचे समर्थन मला आजवर कोणाकडून ऐकायला मिळालेले नाही, आणि माझ्यासमोर बसलेल्या माणसाला ते समजावून सांगणे मात्र माझ्याच वाट्याला येते.

पुढच्या आठवड्यात बेनचे पती केअरर्स अलाउन्सचा अर्ज भरायला आले. पिपचा निर्णय झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज केला तर मागची रक्कमही मिळते, हे अनेकांना कोणी सांगत नाही. ते गोदामात संध्याकाळची अर्धवेळ नोकरी करतात. 2025-26 मध्ये आठवड्याला 196 पाउंडांच्या वर कमाई गेली तर अलाउन्स पूर्ण बंद होत असे, म्हणून पगारपत्रके समोर ठेवून आम्ही जादा तासांचा हिशेब केला. थकबाकी आल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली. साध्या दरावर रस्ताकर निम्मा माफ असतो आणि चालण्याचे दहा गुण असल्याने पार्किंगच्या ब्लू बॅजचा हक्क आपोआप मिळतो. ते दोन्ही अर्ज आम्ही एकाच बैठकीत पूर्ण केले. निर्णय तीन वर्षांपुरता आहे. फेरतपासणीचा फॉर्म त्याआधीच येईल, आणि तेव्हा गारवा असेल की उकाडा, ते खाते ठरवेल. कॅलेंडरचे प्रत्येक पान महिना संपताच स्कॅन करून मला पाठवायचे, असे आम्ही ठरवले आहे. जुलैचे पान आले आहे.