आगोटीच्या हिशेबाने मांडलेला उद्योग

आमच्या कोकम उद्योगाचा पहिला आराखडा मी जानेवारी २०२२मध्ये हिशेबाच्या लांब वहीचे पान आडवे धरून लिहिला. पानावर बारा रकाने आखले, प्रत्येकावर एकेका महिन्याचे नाव घातले आणि खाली दोनच ओळी ठेवल्या : या महिन्यात हातातून किती पैसे जातील आणि किती हातात येतील. एका पतसंस्थेत सतरा वर्षे लेखनिक म्हणून काम केल्यामुळे नफ्या-तोट्याचे पत्रक मांडणे मला अवघड नव्हते आणि ते मी त्याआधीच तयारही केले होते. त्यात पहिल्याच वर्षी समाधानकारक नफा दिसत होता. बारा रकान्यांच्या पानावर मात्र एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांत पैसा नुसता जात होता, आणि त्यातला निम्म्याहून अधिक दिवाळीपर्यंत परत येत नव्हता. ते पान पाहून जाऊबाईंनी आणि मी यंत्रे घेण्याचा बेत त्याच दिवशी पुढे ढकलला. छोटा उद्योग करू पाहणाऱ्या मैत्रिणी हल्ली मला सुरुवात कोठून करावी असे विचारतात, तेव्हा मी त्यांच्यापुढे हेच पान ठेवते.

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावात रातांबे म्हणजे कोकमाची फळे एप्रिलच्या मध्यापासून पिकू लागतात आणि पाऊस लागला की हंगाम आटोपतो. उशिरा पिकणाऱ्या झाडांची कितीतरी फळे पावसात गळून कुजतात. वर्षभर विकायचा सगळा माल सहा-सात आठवड्यांत विकत घेऊन, फोडून, वाळवून, मुरवून आणि भरून ठेवावा लागतो. पावसाळ्यापूर्वी घराघरांत तांदूळ, मीठ, सुकी मासळी आणि लाकडे यांची जी आगोटीची बेगमी होते, त्याच जातीचा हा कारभार आहे, आणि तो सासूबाईंना आमच्यापेक्षा पुष्कळ अधिक कळत होता. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा घरापुरती सोले म्हणजे कोकमाच्या साली खळ्यात वाळत पडली होती आणि ती उचलेपर्यंत पुरती भिजली. आम्ही उद्योगाची गोष्ट काढली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “पावस कोणाची वाट बघणा नाय गो. आधी तेचो विचार कर.” तो विचार मी जूनच्या रकान्यात लिहिला : ७ जूननंतर एकही सोल उन्हात नसावे.

आमसुलांना खरोखर किती दिवस लागतात, हे मी घरात अनेकदा पाहिले असूनही मोजले कधीच नव्हते. फळ फोडून बिया आणि गर वेगळे काढतात, साली उन्हात टाकतात, आणि बिया-गराला मीठ लावून सुटलेल्या रसात त्या साली पुन्हा बुडवून पुन्हा वाळवतात. या एकेका फेरीला आम्ही पुट म्हणतो. पहिल्या दिवशी साल लालभडक आणि बोटाला चिकटणारी असते, तिसऱ्या पुटाला तिच्या कडा आत वळू लागतात, आणि चार-पाच पुटे झाली की ती काळपट जांभळी, लवचिक आणि वजनाला हलकी होते. ऊन चांगले असेल तर आठवडाभर जातो. मध्ये आभाळ भरले तर दहा-बारा दिवस. पहिल्या वर्षी आम्ही तराजू लावून पाहिले, तर दहा किलो ताज्या रातांब्यांमागे जेमतेम सव्वा किलो आमसुले हाती आली. ताज्या फळाचा भाव आणि आमसुलाचा भाव यांच्यात जे अंतर दिसते ते पाहून पुष्कळ जण या धंद्याकडे येतात. त्या सर्वांनी आधी दहा किलो फळ घेऊन हे वजन स्वतः करून पाहावे असे मला मनापासून वाटते.

याच मोजणीमुळे केवळ आमसुलांवर विसंबून राहायचे नाही, असे ठरले. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस. त्याला ऊन लागत नाही, म्हणून आभाळ आले की त्या दिवशीचे फळ आगळाकडे वळवता येते. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेले सरबत आठ दिवसांत तयार होते आणि मे महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानी परतताना घेऊन जातात, त्यामुळे मे महिन्याच्या रकान्यात थोडा का होईना पैसा येतो. आमसुले वर्षभर टिकतात आणि वर्षभर विकली जातात, पण त्यांचा पैसा सावकाश येतो. बियासुद्धा टाकायच्या नसतात. त्या वाळवून तेल काढणाऱ्यांना दिल्या की पावसाळ्यानंतर एक लहानशी रक्कम मिळते. तीन पदार्थांचे प्रमाण आम्ही चवीवरून किंवा मागणीवरून ठरवले नव्हते, पैसा कोणत्या महिन्यात परत येतो त्यावरून ठरवले होते, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

पहिल्या हंगामात १० जून २०२२पर्यंत आमच्या हातून १,३८,००० रुपये गेले आणि ११,००० रुपये आले. गेलेल्या रकमेत रातांबे फार नव्हते. फळे फोडण्याच्या कामाला येणाऱ्या तीन बायकांची मजुरी सर्वांत मोठी होती, त्याखालोखाल साखर, बाटल्या, बुचे आणि लेबले. सालीच्या दुप्पट वजनाची साखर लागते, म्हणून अमृत कोकम करणारा माणूस वास्तविक साखरेचाच मोठा गिऱ्हाईक असतो, आणि ती साखर रोखीने घ्यावी लागते. रातांबे देणारे शेजारीपाजारीही रोख मागतात, आणि त्यांचे बरोबर आहे. झाडावर चढून फळ काढणाऱ्याला त्यांनाही त्याच दिवशी पैसे द्यायचे असतात. उरलेली रक्कम गणपतीपर्यंत चाळीस टक्के आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत पूर्ण परत आली. आमच्याकडे स्वतःची १,८०,००० रुपयांची शिल्लक होती म्हणून हे निभावले. हेच पैसे कर्जाचे असते आणि हप्ता जुलैपासून सुरू झाला असता, तर नफ्यात असलेला उद्योग ऑगस्टमध्ये बंद पडला असता.

पहिल्या वर्षीचे एक नुकसान येथे सांगितलेच पाहिजे. घरी साखर आम्ही नेहमी अंदाजाने घालत आलो होतो, आणि बरणी घरातच राहून दोन महिन्यांत संपत असल्यामुळे त्या अंदाजाची कधी परीक्षा झाली नव्हती. विक्रीसाठी भरलेल्या तिसऱ्या घाण्यात साखर थोडी कमी पडली. जुलैच्या दमट दिवसांत एका सकाळी कपाट उघडले, तर चार बाटल्यांची बुचे उडालेली होती, बाकीच्या बाटल्यांत बारीक फेस धरला होता आणि आंबूस वास सुटला होता. त्या घाण्याच्या साठ बाटल्या आम्ही ओतून टाकल्या आणि त्यातल्या ज्या नऊ विकल्या गेल्या होत्या त्या परत मागवून पैसे दिले. त्यानंतर पाकातल्या साखरेचे प्रमाण मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घेतला. ते टॉर्चएवढे साधे उपकरण असते. काचेवर सरबताचा एक थेंब ठेवायचा, झाकण लावायचे आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की निळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांमधली रेघ आकड्यावर दिसते. सरबताच्या पाकात विद्राव्य म्हणजे विरघळलेले घटक, मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के असावेत असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आम्ही ६८च्या खाली बाटली भरत नाही. दोन हजारांच्या आसपास किमतीची ही वस्तू मी आराखड्यात ‘पुढे कधीतरी’ या सदरात लिहिली होती, याचे मला आजही वाईट वाटते.

नोंदण्यांची बहुतेकांना भीती वाटते, पण तो भाग सोपा निघाला. उद्यम नोंदणी म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी आधार आणि पॅन यांच्या आधारे घरबसल्या आणि विनाशुल्क होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांकडे जाऊ नये. अन्नसुरक्षेची मूळ नोंदणी त्या वेळी बारा लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीसाठी वर्षाला १०० रुपयांत मिळत होती. तिचा चौदा अंकी क्रमांक, निव्वळ वजन किंवा माप, सर्व करांसहित कमाल किंमत, घटक, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, पत्ता आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह हे सारे लेबलवर आणावे लागते, त्यामुळे लेबल छापायला देण्यापूर्वी बाटलीचे माप पक्के करावे. कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, परंतु ते चिन्ह छापायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी लागते.

वस्तू आणि सेवा कराच्या बाबतीत आमच्या तालुक्याची एक विशेष अडचण आहे. वस्तू विकणाऱ्याला राज्यात चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी करावी लागत नाही, हे सर्वांना माहीत असते. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा झाला तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, हे फार थोड्यांना माहीत असते. आम्हांला गोव्याची हद्द तास-दीड तासावर आहे. म्हापशाच्या एका दुकानदाराने दर महिन्याला शंभर बाटल्या घेण्याची तयारी दाखवली, तेव्हा पहिल्या वर्षी आम्ही त्याला नकार दिला, कारण कराची विवरणपत्रे सांभाळून फळे फोडण्याचे काम करणे आम्हां दोघींना झेपले नसते. दुसऱ्या वर्षी नोंदणी केली आणि तो व्यवहार आजवर चालू आहे. सिंधुदुर्गात उद्योग मांडणाऱ्याने हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवून ठेवावा, कारण आपले जवळचे गिऱ्हाईक बहुधा हद्दीपलीकडचेच असते.

उधारीविषयी मला कळकळीने लिहायचे आहे. महामार्गावरचे दुकानदार “माल ठेवून जा, खपला की पैसे देतो” असे म्हणतात, आणि नवीन माणसाला आपला माल फळीवर लागल्याचा आनंद इतका होतो की तो लगेच मान्य करतो. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करावेत असे २००६चा कायदा सांगतो, तरी तीन हजारांच्या बिलासाठी कोणी तक्रारीला जात नाही. आम्ही एका पावसाळ्यात सात दुकानांत मिळून बावीस हजारांचा माल ठेवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यातला तिसरा हिस्सा धुळीने माखलेल्या, उन्हाने रंग उडालेल्या बाटल्यांच्या रूपाने परत आला. तेव्हापासून पहिली पेटी अर्धे पैसे रोख घेऊनच देतो आणि दुसरी पेटी पहिलीचा हिशेब झाल्यावर. सात दुकानांपैकी तीन राहिली, पण त्या तिघांचे पैसे कोणत्या महिन्यात येणार हे रकान्यात लिहिता येते.

अनुदानाचेही तसेच. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२०मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान होते, आणि ते ऐकून माणसे मोठमोठ्या यंत्रांचे आराखडे करतात. ते अनुदान कर्जाला जोडलेले असते. कर्जाच्या खात्याशी बांधलेले राहते आणि खाते तीन वर्षे नीट चालले की मग कर्जात वळते होते. चालू हंगामात रातांबे घ्यायला त्याचा एक रुपयाही उपयोगी पडत नाही. म्हणून २०२४मध्ये आम्ही कर्ज काढून वाळवणीसाठी पारदर्शक छताचे शेड आणि जाळीचे ट्रे घेतले, तेव्हा अनुदान बारा रकान्यांत कोठेच धरले नाही, आणि बँकेशी बोलून हप्ता नोव्हेंबरपासून सुरू करून घेतला. बँकेतल्या अधिकाऱ्यांना मी तेच आडवे पान दाखवले होते. त्यांनी ते बराच वेळ वाचले आणि दोनच प्रश्न विचारले.

गेल्या वर्षी या सगळ्याची परीक्षा झाली. मोसमी पाऊस २५ मे २०२५ रोजी देवगडपर्यंत पोहोचला, आणि त्याआधीचे काही दिवस सिंधुदुर्गात मुसळधार पडतच होता. ठरवलेल्या फळांपैकी तिसरा हिस्सा आम्हांला मिळालाच नाही. शेडमधली सोले वाचली, उरलेले फळ आगळाला लावले आणि बायकांना ठरल्या दिवसांची मजुरी दिली, कारण काम पावसाने थांबवले होते, त्यांनी नव्हे. त्या वर्षी नफा अगदी थोडा झाला, परंतु कोणाचेही देणे थकले नाही.

यंदाचे पान परवा आखले. झाडांना फुले आली आहेत. साखरेची मागणी मार्चच्या रकान्यात घातली आहे, पिंपे धुण्याचे काम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. सासूबाईंना दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा लावून जूनच्या रकान्यावर बोट ठेवले. तेथली ७ जून ही तारीख मी खोडली आणि मे महिन्याच्या रकान्यात २० मे असे लिहिले.