आमची वाटचाल : मेल जातायत, पण येत नाहीयेत

आम्ही दोघांनी कंपनी सुरू केली तेव्हा मेल सर्व्हर हाच आपला मुख्य धंदा होईल असं डोक्यातपण नव्हतं. वेबसाइट बनवायच्या, होस्टिंग सांभाळायचं, कोणाचं काही अडलं तर जाऊन यायचं, येईल ते काम. एका वाहतूक कंपनीला मात्र मेल सर्व्हर बसवून दिला होता आणि एक दिवस सकाळीच त्यांच्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन, "अहो, मेल जातायत सगळे, पण बाहेरून एकपण येत नाहीये, चार दिवस झाले, आम्हाला वाटलं कामच कमी आहे."

चार दिवस! हे मला आजही लागतं. आपण बसवलेला सर्व्हर आणि आपल्याला पत्ताच नाही. येणारे मेल बंद पडले की आपल्या बाजूला काहीच दिसत नाही, एरर आलीच तर ती पाठवणाऱ्याला जाते आणि तीसुद्धा लगेच नाही.

आधी जे सगळेच करतात तेच केलं, पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट, डोव्हकॉट (आलेले मेल वापरणाऱ्याला दाखवणारा) रीस्टार्ट, सर्व्हरवरूनच एक टेस्ट मेल, तो आला. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाला पाठवला, तोही आला. पण असे मेल सर्व्हरच्या आतल्या आतच पोचतात, डीएनएसला, म्हणजे डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारायची वेळच येत नाही, त्यामुळे त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. मग आमच्या ऑफिसच्या नेटवरून टेलनेट कमांडने पोर्ट २५, म्हणजे सर्व्हरवर बाहेरचे मेल जिथून आत येतात ते दार, बघितलं तर टाइमआउट, उत्तरच नाही. झालं, लागलो फायरवॉलच्या मागे, एकेक नियम तपासला, क्लाउडच्या पॅनलमध्ये शोधलं, अख्खा दिवस त्यात गेला. संध्याकाळी पार्टनर म्हणाला हीच टेस्ट एखाद्या भलत्याच, चालू असलेल्या मेल सर्व्हरवर करून बघ, तर तिथेपण टाइमआउट! म्हणजे बंद होतं ते आमचंच नेट. स्पॅम थांबवायला बरेच इंटरनेट प्रोव्हायडर ग्राहकाकडून बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवतात, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्या डेटा सेंटरमधल्या एका सर्व्हरवरून जोडलं तर लगेच २२०, म्हणजे मेल सर्व्हरचं 'तयार आहे' हे उत्तर, आलं, म्हणजे दार उघडंच होतं.

मग लॉग, म्हणजे सर्व्हरने स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी, नीट वाचायला बसलो, आणि खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी होती. पासवर्ड चाचपडत फिरणारे बॉट सोडले तर बाहेरून एक कनेक्शन नाही. कोणाला नकार दिलाय असंही नाही, दारापर्यंत कोणी आलंच नव्हतं. म्हणजे पत्ता चुकतोय. डीएनएसच्या पॅनलमध्ये एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचे ती नोंद) व्यवस्थित होता, तो आम्ही आदल्या दिवशीच बघून खूण केली होती. पण डीएनएसला थेट विचारणारी डिग कमांड बाहेरून चालवली तर एमएक्सच नाही. कारण हेच की त्याच आठवड्यात त्यांची वेबसाइट नव्या होस्टिंगवर गेली होती, नेमसर्व्हर (डोमेनबद्दलची डीएनएसची उत्तरं देणारे सर्व्हर) बदलले होते, आणि आम्ही बघत होतो तो जुना पॅनल, त्याला आता जगात कोणी विचारतच नव्हतं. नव्या झोनमध्ये, म्हणजे नव्या नेमसर्व्हरवरच्या नोंदींच्या यादीत, वेबसाइटचा ए रेकॉर्ड (तिच्या मशीनचा आयपी पत्ता) घातला होता, एमएक्स घालायचा राहून गेला होता. एमएक्स नसला की पाठवणारा सर्व्हर ए रेकॉर्डवर जातो, म्हणजे इथे थेट वेबसाइटच्या मशीनवर, तिथे पोर्ट २५ वर कोणी ऐकतच नव्हतं, मग मेल त्याच्याच रांगेत थांबून राहतो.

एमएक्स घातला. लगेच काही झालं नाही, कारण "एमएक्स नाही" हे उत्तरसुद्धा विचारणाऱ्याकडे काही वेळ कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, राहतं. मग रात्री मेल पडायला लागले, एकेक, मग दहा-दहा, ज्याच्या त्याच्या सर्व्हरची पुन्हा प्रयत्न करायची वेळ येईल तसे. पोस्टफिक्स स्वतः असे मेल ५ दिवस धरून ठेवतो, काही सर्व्हर त्याच्या खूप आधीच सोडून देतात, त्यामुळे पहिल्या दिवसांतले थोडे परत गेलेच. मॅडमनी दुसऱ्या दिवशी एकेका पार्टीला फोन लावून ते परत मागवले, आम्ही त्यांच्या शेजारी बसून यादी करत होतो. बिल लावलं नाही.

त्याच कंपनीने पुढे आमचं नाव दोन-तीन ठिकाणी सांगितलं आणि मेलचीच कामं वाढत गेली. नंतरच्या केसेस बऱ्याच सोप्या निघाल्या. कुठे नवा डोमेन घेतला पण कॉन्फिगमध्ये टाकलाच नाही, म्हणून 'रिले अॅक्सेस डिनाइड', म्हणजे हा डोमेन माझा नाही असा सर्व्हरचा नकार. कुठे बॅकअपने डिस्क भरली आणि सर्व्हर प्रत्येकाला ४५२, म्हणजे आत्ता जागा नाही, असं सांगत बसला. एकीकडे स्पॅमची एक जुनी ब्लॉकलिस्ट (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची यादी) बंद पडली होती आणि ती आता प्रत्येकच आयपीला स्पॅम म्हणत होती, त्यामुळे सगळेच मेल नाकारले जात होते. पण हे सगळं लॉगमध्ये लिहिलेलं असतं, वाचलं की सापडतं.

आता प्रत्येक ग्राहकाच्या सर्व्हरला दर १० मिनिटांनी बाहेरून एक मेल जातो, तो पोचला नाही तर आमच्या फोनवर एसएमएस येतो, मेलवर अलर्ट नाही, तोच रस्ता बंद असेल तर कळणार कसं. आज आम्ही पाच जण आहोत. नवीन कोणी आलं की पहिल्या दिवशी टेस्ट डोमेनचा एमएक्स काढून ठेवतो आणि सांगतो, मेल येत नाहीये, शोध, पण सर्व्हर रीस्टार्ट करायचा नाही.