जीके-३ बसवताना: सगळा खेळ एका मिलिमीटरचा

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात गिटारवाल्याकडे बासरी, सनई, व्हायोलिन असं सगळंच मागितलं गेलं, की इंदुरात रोलंडच्या जीके-३ची, म्हणजे तारांची कंपनं टिपून सिंथला (दुसऱ्या वाद्यांचे आवाज काढणाऱ्या यंत्राला) पोचवणाऱ्या पिकअपची, चौकशी सुरू होते. पिकअप येतो, चिकटवला जातो आणि आठवड्याभरात तक्रार येते: "सिंथ भलतेच सूर काढतो." दहातल्या आठ वेळा सिंथचा दोष नसतोच. पिकअप तारांपासून लांब बसलेला असतो, नाहीतर तिरका.

साध्या पिकअपमध्ये सहाही तारांचा आवाज एकत्र होतो. जीके-३मध्ये प्रत्येक तारेसाठी वेगळा पिकअप आहे आणि १३ पिनच्या केबलमधून सहा आवाज वेगवेगळे सिंथपर्यंत जातात. त्याच केबलने गिटारचा नेहमीचा आवाज जातो आणि सिंथकडून वीजही येते, त्यामुळे बॅटरी लागत नाही. काम चुंबकाचं आहे, म्हणून तारा स्टीलच्याच हव्यात. नायलॉनच्या गिटारवर हा चालत नाही.

पिकअप आणण्याआधी गिटार तपासा. ब्रिज (तारा जिथे बॉडीवर टेकतात तो भाग) आणि ब्रिजजवळचा गिटारचा स्वतःचा पिकअप यांच्यामध्ये तो मावायला हवा आणि तारांखालीही उंची हवी. हंबकरची (दुहेरी, रुंद पिकअपची) रिंग ब्रिजला खेटून असेल तर तिथेच अडतं. तरंगता ट्रेमोलो (बारने हलणारा ब्रिज) असेल तर बार वर ओढून पाहा: सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) खाली येतात आणि तारा पिकअपवर आपटू शकतात.

नव्या तारा, ॲक्शन (तारांची उंची) आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर अचूक लागणं) ही कामं आधी उरका. पिकअपची उंची तारांवरून ठरते. नंतर ॲक्शन बदलली, तर सगळं पुन्हा करावं लागतं.

आता मुख्य काम. पिकअप ब्रिजच्या जमेल तितका जवळ ठेवा, कारण तिथे तार कमी झुलते आणि शेजारच्या तारेच्या पोलवर, म्हणजे तिच्यासाठीच्या पिकअपवर, जात नाही. प्रत्येक तार आपल्या पोलच्या बरोब्बर मधून जायला हवी. दिशाही बघा, उलटा बसला तर पहिली तार सहावी होते. सिंथमध्ये दिशा उलटवायची सेटिंग असते, पण ती नाइलाज झाला तरच वापरावी. सुरुवातीला साध्या कागदी टेपने तात्पुरता धरा. स्क्रूसाठी भोकं पाडायची घाई तर मुळीच नको.

उंची मोजताना पहिली आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. तेव्हा तार सर्वात खाली असते. त्या स्थितीत तार आणि पिकअप यांच्यात १ मिमी अंतर हवं. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पानांचं मापक) मिळतो, त्याचं १ मिमीचं पान सरकवून पाहा. गेज नसेल तर एटीएम कार्ड साधारण ०.७६ मिमी जाड असतं. ते सहज सरकून वर किंचित फट राहिली, की अंदाज बरोबर. कमी-जास्त करायला सोबत आलेल्या पट्ट्या खाली घाला. अंतर जास्त राहिलं तर सिग्नल कमजोर होतो. मग लोक सिंथची सेन्सिटिव्हिटी (तारेचा सिग्नल किती वाढवून घ्यायचा ते) चढवतात, शेजारच्या तारेची कुजबुज आत शिरते आणि न वाजवलेले सूर उमटतात.

दुहेरी टेप लावण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारण पॉलिशचा थर राहिला तर टेप धरत नाही. नायट्रो फिनिशच्या (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) जुन्या गिटारवर मात्र ना टेप, ना अल्कोहोल. दोन्हीने रंग खराब होतो. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या गिटारवरून टेप हमखास सरकते.

मग सिंथच्या सेटिंगमध्ये स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी (फेंडर पद्धतीचं ६४८ मिमी), प्रत्येक तारेचं सॅडल ते पिकअप अंतर आणि सेन्सिटिव्हिटी भरा. सॅडल मागेपुढे असतात, म्हणून सहा आकडे सहा वेळा मोजायचे. सेन्सिटिव्हिटी लावताना कार्यक्रमात वाजवाल तितक्याच जोरात वाजवा. घरी हळू वाजवून लावलेली सेटिंग स्टेजवर फुटते. मीटर टोकाच्या जरा अलीकडे थांबायला हवा.

दोष कुठे आहे हे शोधायची सोपी युक्ती रोलंडच्या जीआर-५५ सिंथमध्ये आहे, कारण त्यात मॉडेलिंगचे (तारेच्याच आवाजाला दुसरं रूप देणारे) आणि सिंथचे असे दोन्ही आवाज आहेत. मॉडेलिंगमध्ये सूर ओळखावा लागत नाही. तिथेही एखादी तार अशक्त वाटली तर पिकअपची जागा चुकली आहे. तिथे ठीक आणि सिंथमध्येच गडबड असेल, तर सेन्सिटिव्हिटी आणि हाताची सफाई बघा. तार फ्रेटवर खरखरली तर सिंथ तोही सूरच समजतो. सहाव्या तारेवर थोडा उशीर मात्र राहणारच. तिचा सूर ८२ हर्ट्झचा, म्हणजे एक आवर्तन साधारण १२ मिलिसेकंदांचं, आणि ते ऐकल्याशिवाय सूर ओळखायचा कसा? बासरीची धून वरच्या तारांवर घ्या.

काहीच आवाज नसेल तर आधी जीके-३वरचा व्हॉल्यूम आणि तीन जागांचा स्विच बघा. स्विच गिटारवर राहिला, तर सिंथ गप्प. सिंथ वाजतो पण गिटारचा मूळ आवाज नाही, असं झालं तर गिटारच्या जॅकमधून जीके-३मध्ये जाणारी छोटी केबल राहिली असेल.

नवा सिंथ घेणाऱ्यांसाठी: बॉसचा जीएम-८०० १३ पिनची केबल थेट घेत नाही, मध्ये जीकेसी-एडी कन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च आधीच धरा.