पंखा गप्प झाला होता

मार्चपासून आमची पिकअप सकाळी फार शांतपणे सुरू व्हायला लागली होती. त्याआधी चावी फिरवली की पहिली दोन मिनिटं बोनेटखालून असा घोंगाट यायचा की दारातलं कुत्रं उठून पलीकडच्या ओट्यावर जायचं. आई म्हणायची, ‘निंघालं इमान’, म्हणजे विमान. तो आवाज बंद झाला आणि मला वाटलं, गाडी सुधारली. दोन महिने मी त्यावर खूश होतो.

मेमध्ये सावद्याहून केळी भरून संभाजीनगरला निघालो. भुसावळ, जामनेर, पहूर, सगळं व्यवस्थित. ऊन ४५च्या घरात, तरी इंजिनच्या तापमानाचा काटा मधोमध. फर्दापूर सोडून अजिंठ्याचा घाट लागला आणि पुढे आला एक लोखंड भरलेला ट्रेलर. त्याच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये तीन वळणं घेतली नाहीत तोच काटा लाल पट्टीला भिडला. हीटर फुल केला. मे महिन्यात, भर दुपारी, काचा खाली आणि हीटर चालू! इंजिनची गरमी थोडी तरी बाहेर पडते म्हणून हा उद्योग, पण माझ्याच पायाची भाजी झाली.

जागा मिळाली तिथे बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवून बोनेट उघडलं. पंखा फिरत होता, पण लग्नाच्या मांडवातल्या पंख्यासारखा, पाती मोजता येतील इतका सावकाश. इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि पात्याला एका बोटाने ढकललं. पाच-सहा गिरक्या घेऊन मग थांबला. इंजिन इतकं तापलेलं असताना तो जड लागायला हवा होता. रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावला नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं. तासभर केळीबरोबर मीही पिकत बसलो.

रस्त्यावर ६०च्या वेगात समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो, म्हणून जामनेर-पहूरपर्यंत काही कळलं नाही. घाटात वेग नाही, वारा नाही, लोड पूर्ण. तिथे सगळा भार पंख्यावर.

परत आल्यावर चहाच्या टपरीवर सल्ला मिळाला, ‘काढून फेक ना भो तो पंखा. कशाले ठेवू राह्यला? ॲव्हरेज वाढतं.’ यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर हा सल्ला मरत नाही. पंखा इंजिनची ताकद खातो. फेरे दुप्पट झाले की ताकद आठपट लागते. पण त्याच्यावर उपाय म्हणूनच तर व्हिस्कस क्लच बसवलेला असतो. त्यात सिलिकॉनचं घट्ट तेल असतं, समोर पट्टीची छोटी स्प्रिंग. रेडिएटरमधून गरम हवा आली की स्प्रिंग वळते, आतली झडप उघडते, तेल पुढे येतं आणि पंखा पुलीबरोबर ओढला जातो. गार असला की सुटा फिरतो. पंखा फेकून डिझेल वाचवायला हे काही महाबळेश्वर नाही.

रविवारी स्वतःच काढायला घेतला. मिस्तरी शेजारी खाटेवर बसून फक्त बोलणार, असं ठरलं. बॅटरीची वायर काढली, थोडं कूलंट बादलीत घेतलं, वरचा पाइप सोडला. मग मी थेट पुली फिरवणाऱ्या पट्ट्याला हात घातला.

‘थांब! पट्टा काढला तं नट कसे सोडशीन?’

बरोबर होतं. पट्टा ताणलेला असेपर्यंत पुली धरून राहते. पट्टा गेला की पान्याबरोबर पंखाच फिरत बसतो. आमच्या गाडीला मागच्या बाजूने चार नट आहेत. काही गाड्यांना एकच मोठा नट असतो, आणि त्यातल्या काहींचे आटे उलटे, तिथे जोर लावण्याआधी खात्री केलेली बरी. तीन नट सुटले. चौथा पुलीच्या मागे असा बसला होता की पाना अर्धा इंच सरकला की अडकायचा. अर्धा इंच, पाना काढ, पालथा कर, पुन्हा लाव. बोटांची साल गेली.

रेडिएटरच्या जाळीला धक्का लागू नये म्हणून मध्ये केळीच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला होता. पंखा एकटा वर येत नाही. भोवतीच्या प्लास्टिकच्या कव्हराचे बोल्ट काढून दोन्ही एकदम, किंचित तिरपे करत उचलावे लागतात. पुठ्ठ्यावर पात्याचे दोन ओरखडे उठले, ते जाळीवर उठले असते.

उजेडात क्लच बघितला. मधल्या भागापासून कडेपर्यंत काळी, चिकट रेघ, तिच्यावर धूळ बसून लेप झालेला. तेल केव्हाच गळून गेलं होतं. स्प्रिंगच्या वेटोळ्यात चिखल आणि कापसाचा धागा. नवा क्लच घरी आणला तेव्हा मी तो जमिनीवर आडवा ठेवला, तर मिस्तरींनी न बोलता उचलून भिंतीला उभा लावला. आडवा ठेवला तर नव्यातलंही तेल बाहेर येऊ शकतं.

पंखा बाहेर होता तेवढ्यात इंजिनच्या बाजूने हलक्या धारेने रेडिएटर धुतला. समोरून पाखरं, माती आणि केळीच्या वाळक्या पानांचे तुकडे निघाले. वॉटर पंपाचा शाफ्ट हलवून पाहिला, ढिला नव्हता. मग नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत सगळं उलट क्रमाने बसवलं, कूलंट भरलं, हवा काढली.

सोमवारी पहाटे चावी फिरवली. घोंगाट! रात्रभर उभ्या गाडीत तेल आत साचतं, म्हणून नव्या क्लचवरचा पंखा पहिली मिनिटं ओढला जातो, मग सुटा होतो. कुत्रं उठून पलीकडच्या ओट्यावर गेलं. आई आतून म्हणाली, ‘आलं का परत इमान?’