तुम्ही विचारलंत म्हणून: दोन जहाजांच्या मधलं अलास्का, कार न चालवता

प्रश्न साधारण असा येतो. व्हँकुव्हरहून क्रूझने वर अलास्काला जायचं, तिथे उतरायचं, आठवडाभर आतला मुलूख बघायचा आणि दुसऱ्या जहाजाने परत व्हँकुव्हरला यायचं. पण परक्या रस्त्यावर, डावीकडचं स्टिअरिंग धरून कार चालवायची नाही. तर मधला आठवडा जमेल का, की अँकरेजच्या हॉटेलात बसून काढावा लागेल?

जमेल. बहुतेक लोक आत जातात ते डेनाली राष्ट्रीय उद्यान बघायला, आणि तिथे कारवाल्याचीही फारशी मिजास चालत नाही. उद्यानात एकच रस्ता आहे, ९२ मैलांचा. उन्हाळ्यात खासगी कार त्यातल्या पहिल्या १५ मैलांपर्यंतच नेता येते. पुढे सगळ्यांना बस. कार भाड्याने घेऊन आलेला माणूसही शेवटी तुमच्याच शेजारच्या सीटवर बसतो.

खरी अडचण वेगळीच आहे. इथली रेल्वे प्रत्येक दिशेला दिवसातून एकदाच जाते. ती चुकली तर पुढची उद्या. त्यामुळे आखणी करायची ती पहिल्या जहाजातून उतरल्यापासून पुढे नव्हे, तर दुसरं जहाज सुटण्याच्या वेळेपासून मागे.

आधी बंदर नीट वाचा. क्रूझच्या जाहिरातीत ‘अँकरेज’ लिहिलेलं असतं आणि कंसात, बारीक अक्षरात, ‘स्यूअर्ड’ किंवा ‘व्हिटिअर’. एकतर्फी क्रूझची मोठी जहाजं सहसा या दोनांपैकी एका गावात रिकामी होतात. स्यूअर्ड अँकरेजपासून रस्त्याने सुमारे १२७ मैल, बसने अडीच-तीन तास. व्हिटिअर साठेक मैल, पण वाटेत अडीच मैलांचा एकेरी बोगदा आहे आणि त्यातून रेल्वे आणि मोटारी आळीपाळीने जातात. व्हिटिअरहून बाहेर पडणाऱ्या मोटारींना दर तासाच्या ठोक्याला सोडतात, आत येणाऱ्यांना अर्ध्या तासाच्या ठोक्याला. फाटक पंधरा मिनिटं उघडं असतं. बस दोन मिनिटांनी उशिरा पोचली तर तासभर तिथेच. येताना एक बंदर आणि जाताना दुसरं, असं अगदी सहज होतं. दोन्ही तिकिटं समोर ठेवून नावं मोठ्याने वाचावीत, इतकी ही चूक सोपी आहे.

तारखांचा हिशोबही जहाजाच्या फेऱ्यांवर चालतो. एकतर्फी क्रूझ सहसा सात रात्रींची असते. उत्तरेला आलेलं जहाज त्याच संध्याकाळी नवे प्रवासी घेऊन दक्षिणेला निघतं. म्हणजे तेच जहाज तुम्हाला परत हवं असेल तर चौदा दिवस थांबावं लागेल. त्याच कंपनीचं जोडीचं जहाज आलटून पालटून येत असेल तर सात दिवस. पाच किंवा नऊ दिवस हवे असतील तर वेगळ्या वारी सुटणारी दुसरी कंपनी शोधायची.

‘सिएटलहूनच का नाही निघायचं?’ हा पोटप्रश्न. कारण १८८६चा अमेरिकी कायदा. परदेशी नोंदणीच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरातून प्रवासी उचलून दुसऱ्या अमेरिकी बंदरात कायमचे उतरवता येत नाहीत. वाटेत कॅनडाच्या बंदराला नुसतं टेकून ते भागत नाही. म्हणून सिएटलच्या क्रूझ तिथेच परत येतात आणि एकतर्फी क्रूझ व्हँकुव्हरहून निघतात. भारतीय पासपोर्टवर याचा अर्थ असा की अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही लागतो, आणि तो एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा असलेला बरा: एकदा विमानाने व्हँकुव्हरला, दुसऱ्यांदा जहाजाने. अमेरिकेची तपासणी व्हँकुव्हरच्या धक्क्यावर जहाजात चढण्याआधीच होते. त्यामुळे अलास्कात उतरताना पुन्हा रांग नाही आणि सकाळी नऊपर्यंत तुम्ही सामानासकट मोकळे होता.

आता आठ तारखांचा, सात रात्रींचा नमुना घेऊ. दोन्हीकडे स्यूअर्ड धरलं आहे. रेल्वेच्या वेळा उन्हाळ्यातल्या आहेत. दर वर्षी मिनिटं इकडची तिकडे होतात, तेव्हा बुकिंग त्या वर्षीचं वेळापत्रक बघूनच करा.

आठवा दिवस आधी. अँकरेजहून स्यूअर्डची रेल्वे पहाटे पावणेसातला सुटते आणि अकराच्या सुमारास पोचते. जहाज बहुतेक संध्याकाळी सुटतं, त्यामुळे हाताशी बराच वेळ राहतो. म्हणून सातवी रात्र अँकरेजलाच काढायची. यात तडजोड नाही. डेनालीहून निघालेली रेल्वे अँकरेजला रात्री आठला पोचते आणि त्या वेळेला स्यूअर्डमधल्या जहाजाची शिडी उचललेली असते. डेनालीहून सकाळची बस, पुढे दुसरी बस, असं एका दिवसात कागदावर बसवता येतं. पण एकच महामार्ग आहे आणि त्यावर रस्त्याची कामं उन्हाळ्यातच निघतात. जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, आणि वाटेत पुढच्या बंदरात गाठू म्हणावं तर जूनो, केचिकनसारख्या गावांना बाहेरून रस्ताच जात नाही. तिथे विमान किंवा बोट, एवढंच.

डेनालीहून परतायचं ते त्यामुळे सहाव्या दिवशी. रेल्वे दुपारी साडेबाराच्या आसपास सुटते, रात्री आठला अँकरेज. सातवा दिवस मुद्दाम मोकळा ठेवायचा. काही बिघडलं तर तो खर्ची पडतो, नाही बिघडलं तर कपडे धुणं, संग्रहालय आणि समुद्रकाठची ११ मैलांची टोनी नोल्स पायवाट, जेवढी झेपेल तेवढी. मोकळा दिवस म्हणजे पैसे वाया, असं वाटणाऱ्यांनी दुसऱ्या क्रूझचं भाडं एकदा आठवून बघावं.

डेनालीत दोन रात्री, चौथी आणि पाचवी. एक रात्र पुरत नाही, याचं कारण पुन्हा रेल्वेच. अँकरेजहून सव्वाआठच्या सुमारास निघालेली रेल्वे दुपारी चारच्या आसपास डेनालीला पोचते, आणि परतीची साडेबाराला. एकच रात्र राहिलात तर मधे उरते एक संध्याकाळ आणि एक सकाळ, आणि उद्यानातली बसची फेरी पाच तासांच्या पुढेमागे चालते. सकाळची पहिली बस पकडून धावत स्टेशन गाठायचं, हा आनंद नव्हे.

बसचं तिकीट काढताना ती कितव्या मैलापर्यंत जाते ते बघा. जुन्या प्रवासवर्णनांत ६६व्या मैलावरच्या आयलसन केंद्रातून दिसणाऱ्या शिखराची वर्णनं सापडतील. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रिटी रॉक्स इथे, गोठलेली जमीन वितळून, डोंगराचा उतारच रस्त्यासकट खाली सरकला आणि रस्ता ४३व्या मैलाजवळ बंद झाला. तिथे पूल बांधायचं काम हाती घेतलं गेलं. तो रस्ता पुन्हा खुला होईपर्यंत बस ४३व्या मैलावरून परत फिरतात. तरीही फेरी करण्यासारखी आहे, कारण अस्वलं आणि मूस, कॅरिबू ही मोठी हरणं मैलाचे दगड वाचत नाहीत. बस दोन प्रकारच्या: चालक माहिती सांगत नेतो ती महाग, आणि नुसती ने-आण करणारी स्वस्त. दुसरीतून वाटेत कुठेही उतरता येतं आणि मागून येणाऱ्या बसमध्ये जागा असेल तर चढता येतं. चालायची आवड असेल तर हीच घ्यावी. बसच्या वाटेवर खायला काही मिळत नाही. डबा आणि पाणी बरोबर. प्रवेशशुल्क तिकिटात धरलंय का, तेही बघून ठेवा.

हॉटेल निवडताना कार नसलेल्यांची एक ठरलेली फसगत होते. नकाशावर ‘डेनाली’ शोधलं की हीली नावाच्या गावातली स्वस्त हॉटेलं वर येतात. हीली उद्यानाच्या फाटकापासून ११ मैल लांब. हॉटेलची स्वतःची बस नसेल तर रोजचं जाणं-येणं टॅक्सीवर, आणि टॅक्सी मोजक्याच. थोडे पैसे जास्त मोजून फाटकाच्या उत्तरेला मैलभरावर हॉटेलांची जी रांग आहे तिथे राहा. तिथल्या मोठ्या हॉटेलांच्या बस स्टेशनवर न्यायला येतात. बुकिंग करताना स्पष्ट विचारा: रेल्वेच्या वेळेला बस आहे का, आणि उद्यानाच्या बसथांब्यापर्यंत सोडते का?

डेनाली शिखर २०,३१० फुटांचं, पण आपलं हवामान आपणच तयार करतं. उन्हाळ्यात ते ढगाबाहेर दिसण्याची शक्यता साधारण तीनात एक धरतात. म्हणून तिसऱ्या दिवशी थेट डेनालीला न जाता टाल्कीटनाला उतरावं असं मी म्हणेन. तीच सकाळची रेल्वे अकराच्या पुढेमागे तिथे पोचते. गाव पायी फिरण्याएवढं. नदीकाठून पर्वतरांग समोर दिसते आणि छोटी विमानं शिखराभोवती फिरवून, हवा असेल तर हिमनदीवर उतरवून आणतात. हे विमान महाग आहे आणि हवा बिघडली की रद्द होतं. दुपारचं बुक केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक संधी उरते, कारण पुढची रेल्वे परत अकरानंतरच येते. रात्रीचा मुक्काम घेण्यामागे हेच गणित आहे.

फेअरबँक्स? रेल्वे डेनालीच्या पुढे तिथपर्यंत जाते. अँकरेजपासून ३५६ मैल, बारा तास. सात रात्रींत ते कोंबू नका. चौदा दिवस असतील तर जरूर.

राहिला पहिला दिवस. स्यूअर्डहून अँकरेजची रेल्वे संध्याकाळी सहाला सुटते आणि सव्वादहाला पोचते. सकाळी उतरलेल्याला यात अख्खा दिवस मिळतो. कीनाय फ्योर्ड्‌स या किनाऱ्यावरच्या राष्ट्रीय उद्यानाची सहा तासांची बोट नेमकी या वेळात बसते, फक्त ती किती वाजता धक्क्याला परत लागते ते विचारून घ्या, साडेपाचनंतरची नको. खाडीबाहेर पडल्यावर लाटा लागतात. मोठ्या जहाजावर आठवडाभर काही झालं नाही म्हणून छोट्या बोटीवरही होणार नाही, असं नसतं; उलटीची गोळी निघण्याआधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. बोट नको असेल तर गावातलं मत्स्यालय, अलास्का सीलाइफ सेंटर. बॅगा कुठे ठेवायच्या हे आधी ठरवा, नाहीतर दिवसभर त्यांची राखण करत बसावं लागेल. पहिलं बंदर व्हिटिअर असेल तर मात्र रेल्वेची वाट बघू नका. ती संध्याकाळी सुटते आणि गावात वेळ काढण्यासारखं फार थोडं आहे. गावातले बहुतेक लोक एकाच चौदा मजली इमारतीत राहतात, एवढं सांगितलं की पुरे. सकाळची बस धरून अँकरेजला जा. दुसरा दिवस अँकरेजमध्ये विश्रांतीचा. हाच दिवस टाल्कीटनाला जोडला तरी चालेल.

सामानाचं सांगतो, कारण कार नसली की डिकीही नसते. क्रूझचे कपडे, बूट, खरेदी हे सगळं डेनालीपर्यंत ओढत नेण्यात अर्थ नाही. अँकरेजमध्ये पहिल्यांदा आणि शेवटी एकाच हॉटेलात राहा आणि मोठी बॅग मधल्या रात्री तिथेच ठेवायला सांगा. आधी ईमेलने होकार घ्या. रेल्वेत मोठ्या बॅगा तासभर आधी सामानाच्या डब्यात द्याव्या लागतात आणि उतरेपर्यंत हाताला लागत नाहीत. औषधं, पासपोर्ट आणि पावसाळी जाकीट अंगाजवळच्या पिशवीत. अँकरेजचं स्टेशन शहरातच आहे, पण खाली उतारावर. हॉटेलकडे जाताना चढ लागतो. बॅगा जड असतील तर त्या दोन मिनिटांसाठीही टॅक्सी करा.

तारखा पक्क्या करताना ऋतूची एक खोच आहे. क्रूझ एप्रिलअखेरीला सुरू होतात, रोजची रेल्वे मेच्या मध्याला, उद्यानाच्या ठरलेल्या बस २० मेच्या आसपास. मेच्या पहिल्या आठवड्यातलं स्वस्त जहाज घेतलं तर आत न्यायला फारसं काही नसतं. सप्टेंबरच्या मध्यानंतरही तसंच. बुकिंगचा क्रम असा: आधी दोन्ही जहाजं, मग डेनालीचं हॉटेल (ते सर्वात आधी भरतं), मग रेल्वे, मग उद्यानाची बस. रेल्वे भरलेली निघाली तर ‘पार्क कनेक्शन’ची बस स्यूअर्ड, अँकरेज, टाल्कीटना, डेनाली याच मार्गाने जाते, अँकरेज ते डेनाली सहाएक तास, रेल्वेपेक्षा लवकर.

स्यूअर्डला परतताना रेल्वेत उजवीकडची सीट मागा. अँकरेज सोडल्यावर टर्नअगेन आर्म या खाडीचं पाणी त्याच बाजूला आहे. आणि अलास्काचं घड्याळ व्हँकुव्हरच्या तासभर मागे असतं. जहाज कोणत्या वेळेवर चालतं ते चढल्या चढल्या विचारून घ्या. मोबाइल आपोआप बदलेल यावर विसंबून पहिल्याच बंदरात लोक मागे राहिलेले आहेत.