ऐंशी रुपये

४ जून, रात्री

शिमल्याहून, पोरीकडून, नागपुरात येऊन आज सहा दिवस झाले. कूलरचा आवाज, ओल्या खसचा वास, सगळं आपलं. तरी झोप नाही. ऐंशी रुपये डोक्यातून जात नाहीत.

ह्यांना अजून सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, "ऐंशी रुपयांचं काय घेऊन बसलीस?" बरोबरच आहे. ऐंशी रुपयांत आता येतं काय, दोन प्लेट तर्री-पोहे. पण मला रुपयांचं वाईट वाटलेलं नाही. कशाचं वाटलं तेच हाती लागत नाही, म्हणून वही उघडली.

संजौलीच्या चौकात टॅक्सीने सोडलं. पुढे रस्ता नव्हताच, पायऱ्या होत्या. माझ्याजवळ ती चाकांची मोठी बॅग. तूरडाळ, ज्वारीचं पीठ, कुरड्या, मूगवड्या, भाजणी, आणि टॉवेलात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. इथून निघताना चोवीस किलो भरली होती. पोरगी टॅक्सीवाल्याचा हिशेब करत होती, तेवढ्यात एक जण खांद्यावर दोर टाकून जवळ आला. साठीचा तरी असेल. तिथे ओझं वाहणाऱ्यांना सगळे खान म्हणतात, काश्मीरकडून पोटासाठी आलेले लोक. मी विचारलं, "ऊपर तक कितना?" दोनशे म्हणाला. मी शंभर म्हटलं. तो पायऱ्यांकडे बघून म्हणाला, "माताजी, बहुत ऊपर है." मी म्हटलं, "एकही तो बैग है." शेवटी एकशे वीसवर आला. मला बरं वाटलं. तीस वर्षं गोकुळपेठेच्या बाजारात भाजी घेतली आहे, भाव करता येतो मला. आल्या आल्या पोरीचे ऐंशी रुपये वाचवले असं वाटलं.

एकशे बारा पायऱ्या आहेत. नंतर मोजल्या. त्या दिवशी मोजायचं भान नव्हतं, मी तीन वेळा खाली बसले. तो एकदाच थांबला, बॅग कठड्याला टेकवून, आणि तेही मी मागे पडले म्हणून.

संध्याकाळी पोरगी दूध आणते म्हणून उतरली. मी खिडकीत. खाली दुकानाच्या ओट्यावर तो बसलेला होता. तिने पर्स उघडली, त्याच्या हातात काही दिलं. त्याने हात कपाळाला लावला. वर आली तर दूध गॅसवर ठेवलं आणि काही बोलली नाही. मीच विचारलं, काय देऊन राहिली होतीस गं त्याला?

"उरलेले. ऐंशी."

"काहून? ठरले होते ना एकशे वीस?"

"आई, तो माझं सिलिंडर आणतो वर."

एवढंच. मग कुकर लावला तिने.

त्या रात्री मला फार लागलं. चोवीस तासांवर प्रवास करून, गुडघ्यांना पट्टे बांधून मी तिच्यासाठी पीठ नेते, आणि ही माझ्या पाठीमागे माझा व्यवहार सुधारून येते. तोंडावर बोलली असती तर चाललं असतं. चौकातच म्हणाली असती, आई, दे दोनशे, तर मी दिले असते. मागाहून काहून? मला त्या म्हाताऱ्यासमोर कंजूस ठरवलं ना तिने. पांघरुणात तोंड घालून रडले. बाहेर थंडी होती, मे महिन्यात, आणि इथे नागपुरात पंचेचाळीसच्या वर पारा. त्या थंडीचंही सुख वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेल्यावर फ्रिजवर चिकटवलेला कागद बघितला. महिन्याचा खर्च. भाडं चौदा हजार, एका खोलीचं आणि त्या एवढ्याशा ओट्याचं. खाली 'सिलिंडर', आणि त्याच्यापुढे वेगळ्या शाईत 'खान'. मग 'पाणी, खान'. 'गादी, खान'. 'हीटर दुरुस्ती, वर-खाली, खान'. गॅस कंपनीची गाडी रस्त्यापर्यंत येते आणि थांबते. आत १४.२ किलो गॅस, वरून लोखंडाची टाकी, म्हणजे भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या घरात. ते एकशे बारा पायऱ्या कुणीतरी पाठीवर आणल्याशिवाय तिचा चहा होत नाही. आपल्या घरी गॅसवाला पोरगा फाटकाशी सिलिंडर ठेवतो, हे ढकलत आत घेतात. ते वर कसं जात असेल हा विचार मला एक वर्षात शिवला नव्हता. ती फोनवर कधी बोलली नाही. विचारलं की, "सगळं ठीक आहे, आई." सगळं ठीक आहे.

तिथे पाणीसुद्धा चढून येतं. गुम्म्याच्या खोल दरीतून पंपांनी उचलून शहरात आणतात. रोज येईलच असं नाही. छपराछपरांवर काळ्या टाक्यांच्या रांगा दिसतात त्या त्याच्यासाठी. २०१८ च्या मे महिन्यात काही भागांत आठ-आठ दिवस नळ कोरडे होते, लोक रात्री टँकरच्या मागे धावले, येऊ नका म्हणून पर्यटकांना सांगायची वेळ आली, ते तेव्हा बातम्यांत बघितलं होतं. बघून विसरलेही होते. तेव्हा तिथे आपलं कोणी नव्हतं. आता ती तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत धरते, त्याने भांडी विसळते, मग ते कुंडीत. मी पहिल्या दिवशी सवयीने मोरीत ओतलं. त्याही वेळी ती काही बोलली नाही. इथे माझा कूलर रात्रीतून दोन वेळा टाकी भरून मागतो.

आणि ऊन. ऊन विकत घ्यावं लागतं तिथे, हे मला सगळ्यात नवल वाटलं. खोली बघताना पहिला प्रश्न, धूप येते का? उन्हाच्या बाजूची खोली महाग, डोंगराच्या सावलीतली स्वस्त. तिची सावलीतली आहे. जानेवारीत कपडे चार-चार दिवस ओले राहतात म्हणे, मग हीटरसमोर धरायचे, म्हणजे विजेचं बिल. आपण मार्च लागला की गच्चीवर हिरवी जाळी बांधतो ऊन अडवायला. मी तिच्या खिडकीतून समोरच्या उतारावर ऊन बघत बसायची. अकरा वाजता ते पलीकडच्या घरांवर असायचं. तिच्या खिडकीशी यायचं आणि वळायचं.

ती म्हणते, पगार इथल्यापेक्षा बरा आहे. असेल. पण तिथे घर घ्यायचं म्हटलं तरी बाहेरच्याला सहज जमीन मिळत नाही. हिमाचलात १९७२ चा जमिनीचा कायदा आहे, त्याचं कलम ११८. तिथला शेतकरी नसेल त्याने सरकारची परवानगी काढल्याशिवाय जमीन घ्यायची नाही. घरमालकांनीच सांगितलं, चहा देत देत, अगदी प्रेमाने. मला वाटलं, मग पोरगी किती वर्षं भाडंच भरत राहणार? पण नंतर बाल्कनीतून खाली बघितलं. घराच्या डोक्यावर घर. इंग्रजांनी पंचवीस हजार माणसांच्या अंदाजाने वसवलेलं गाव म्हणतात, आणि २०११ च्या जनगणनेतच १ लाख ६९ हजारांच्या वर माणसं. १४ ऑगस्ट २०२३ ला समरहिलला मंदिरावर डोंगर आला आणि पूजेला गेलेली माणसं गेली. आपल्याकडे त्याच वर्षी सप्टेंबरात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि रात्रीतून लोकांच्या घरांत पाणी शिरलं. आपण तर सपाटीवर आहोत. हे मी लिहायला घेतलं नव्हतं. पावसाळा तोंडावर आहे म्हणून आलं हातून. पुढे नको.

त्या घरमालकांची आई वरच्या मजल्यावर असते. ऐंशीच्या पुढची. दिवाळीपासून खाली उतरलेली नाही. तिने माझा हात धरून विचारलं, "आपके यहाँ सीढ़ियाँ नहीं हैं?" मी म्हटलं, नाही, सगळं सपाट. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पोरगी अधूनमधून म्हणते, तुम्ही दोघं इकडेच या राहायला. मी विषय बदलते.

काल गोकुळपेठेत गेले. सांबाराची जुडी वीस सांगितली, मी दहा म्हटलं, ती बाई हसली, "बाई, इतके दिवस कुठं होता?" पंधरावर आलो आम्ही, आणि तिने वरून दोन हिरव्या मिरच्या टाकल्या. तिथे उभी असताना मी मुद्दाम स्वतःकडे बघितलं, काही चुकलं असं वाटतंय का? नाही वाटलं. तिने वीस सांगितले ते मी कमी करणार हे धरूनच. ते आमचं बोलणं आहे, वर्षानुवर्षांचं. त्या चौकात तसं नव्हतं. त्याने दोनशे सांगितले ते पायऱ्या बघून. मी शंभर म्हटलं ते पायऱ्या न चढता. खाली उभी राहून म्हटलं. चढल्यावर कुणी विचारलं असतं तर मी तोंडाने तीनशे म्हटलं असतं, तेवढा श्वास असता तर.

आणि ती मागाहून का गेली, तेही आज दुपारी भांडी आवरताना उलगडल्यासारखं झालं. चौकात बोलली असती तर त्याच्यासमोर मी पडले असते. नाही बोलली. त्याचेही राहिले, माझंही राहिलं. खिडकीत मी उभी असेन हे तिला माहीत नव्हतं. ह्यांची सवय आहे ही, तशीच उचलली. माझी आई असती तर चौकातच बोलली असती. मीसुद्धा.

तरी एक राहतंच. निघायच्या दिवशी बॅग रिकामी होती, हलकी. तोच आला, तिने बोलावलं असणार. खाली आल्यावर मी दोनशेची नोट पुढे केली. त्याने घेतली, खिशात हात घालून शंभर परत दिले. म्हणाला, "उतराई है, माताजी. खाली बैग है." मी ठेवा म्हटलं, नाही ठेवले. पोरगी टॅक्सीत बसली होती, बघत होती, तोंड दुसरीकडे करून. मी ते शंभर घेतले. घ्यायला हवे होते का, अजून कळत नाही. ती नोट वेगळी ठेवली आहे, देवाजवळच्या डबीत. खर्चायला हात होत नाही.

आज तिचा फोन होता. कुरड्या संपल्या, ऑफिसातल्यांनी खाल्ल्या, अजून पाठव म्हणाली. आणि थोडं ज्वारीचं पीठ. मी खोका काढला, सवयीने भरायला लागले, वर तूरडाळ, साखर, दोन किलो पोहे. मग ह्यांचा वजनकाटा आणून त्यावर ठेवला. साडेसोळा. डाळ काढली, तिथे मिळते. साखर काढली. पोहे काढले, मग अर्धे परत घातले, तिथले जाड असतात. आता नऊ किलो चारशे. लोणच्याची दुसरी बरणी बाजूला आहे, काचेची, सव्वा किलोची. ती घालायची की नाही ते उद्या ठरवते. तिला विचारलं, आता किती घेतो गं तो एका फेरीचे? तर म्हणाली, "तू पाठव गं, आई. मी बघते."