मिशनचं पोस्टकार्ड आधी उलटं करा

गोव्यातल्या जुन्या घरांच्या पेट्यांतून मिशनऱ्यांची चित्र-पोस्टकार्डं निघतात. पण त्यांवरची माणसं बहुतेक मोझांबिक, काँगो नाहीतर छोटा नागपूरची (आजच्या झारखंडाच्या पट्ट्यातली). यात नवल नाही. पोर्तुगालने १८३४ मध्ये पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले आणि पाठोपाठ गोव्यातले मठही बंद झाले. चित्र-पोस्टकार्डांची लाट आली १८९० नंतर. ती इथे पोचली आफ्रिकेत नोकरीला गेलेल्यांच्या आणि पाद्री झालेल्या नातलगांच्या टपालातून.

कार्ड हातात आलं की आधी मागची बाजू बघा. मधोमध उभी रेघ नसेल, सगळी मागची बाजू पत्त्यालाच असेल, तर छपाई साधारण १९०५ पूर्वीची. ब्रिटनने मजकुरासाठी अर्धी जागा १९०२ मध्ये सोडली, जर्मनीने १९०५ मध्ये. म्हणूनच त्याआधीच्या कार्डांवर मजकूर चित्राच्याच कडेला कोंबलेला दिसतो. पोर्तुगीज तिकिटावर 'रेपुब्लिका' (प्रजासत्ताक) हा जादा छाप असेल तर ते राजेशाही उलथवणाऱ्या ऑक्टोबर १९१० च्या क्रांतीनंतरचं. मात्र शिक्क्याची तारीख टपालाची असते, फोटोची नव्हे. फोटो पंधरा वर्षं आधीचाही असू शकतो. 'सॅक्सनीत (जर्मनीत) छापले' एवढ्यावरून चित्र कुठलं ते कळत नाही. तिकडच्या छापखान्यांत जगभरची कार्डं छापली जायची.

मग दहापट भिंग घ्या. ओळीत मांडलेले ठिपके दिसले तर हाफटोन, म्हणजे ठिपक्यांची छपाई; बारीक सुरकुत्यांची जाळी दिसली तर कोलोटाइप, म्हणजे जिलेटिन लावलेल्या काचेवरून केलेली छपाई. काहीच न दिसता करडी छटा सलग राहिली तर खरा फोटो. त्याच्या गडद भागावर, विशेषतः कडेला, तिरपं धरल्यावर चंदेरी चमक दिसते. तिला बुरशी समजून पुसणारे पुष्कळ. पुसू नका, ती चित्रातलीच चांदी आहे.

चित्राखालच्या ओळीवर मात्र भरवसा ठेवू नये. ही कार्डं युरोपातल्या देणगीदारांसाठी होती: एका कार्डावर 'रानटी', दुसऱ्यावर शाळेतला पांढरा सदरा, म्हणजे पैसे कुठे गेले ते दिसावं. पाद्र्याचं नाव छापलेलं, समोरच्या माणसाची फक्त जमात. दोन निराळ्या जमातींच्या कार्डांवर तोच भाला, तेच स्टूल, पायाशी रंगवलेल्या पडद्याची तीच कड दिसली तर ते स्टुडिओचं काम.

गोव्याच्या कार्डावर 'कुरुंबीन' लिहिलेलं असलं तर पोर्तुगीज हा शब्द कुणबी आणि गावडा या गोव्यातल्या दोन्ही जमातींना सैलपणे लावत, हे ध्यानात ठेवा. लाल चौकड्यांचं कापड, खांद्यावरची देठलीची गाठ एवढ्यावरून धर्म ठरवू नका. शिवाय १९२८ मध्ये मसूरकर महाराजांच्या शुद्धीनंतर अनेक ख्रिस्ती गावडे हिंदू झाले, म्हणून ओळीतला धर्म आजच्या घराण्याला चिकटवणं तर सरळ चूक. नोंदीत मूळ ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या, आपला अंदाज वेगळ्या रकान्यात लिहा.

आता जपणूक. कार्ड साधारण ९ बाय १४ सेंटिमीटरचं, पण पाकीट थोडं मोठं घ्या, नाहीतर कोपरे मोडतात. पाकीट पॉलिस्टरचं हवं. पीव्हीसीचे अल्बम काही वर्षांत चिकट होतात आणि शाई ओढतात. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, इस्त्री तर अजिबात नको. काचेला थेट टेकवून फ्रेम केलेला खरा फोटो पावसाळ्यात काचेलाच चिकटतो. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओला होतो, ओढलं की चेहरा काचेवर राहतो. अशा वेळी ओढाताण न करता काचेसकट स्कॅन करा. एरवी ६०० डीपीआयवर दोन्ही बाजू घ्या. मागची राहून गेली की तारखेचा पुरावाच गेला. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८० टक्क्यांवर जातो, म्हणून जून ते सप्टेंबर डबा घट्ट बंद, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारी पट्टी. पट्टीवर ५० टक्क्यांच्या वर दिसलं की जेल बदला. कसर गोंद खायला येते, तेव्हा जुन्या अल्बमची कागदी पानं त्याच डब्यात ठेवू नका.